कढीपत्त्याच्या कुंडीतली समाधी

मल्लूअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंती बघतात. घरधनी ‘या, बसा’ म्हणत समोर उभा असतो, आतून पाण्याचा तांब्या येतो, आणि अण्णा खिशातली बॅटरी काढून ट्यूबलाइटच्या मागे उजेड पाडत असतात. तिथे पाल सापडली की त्यांचा चेहरा खुलतो. मग ते घरधन्याला सांगतात, “तुमची पाल झ्याक हाय.” तो बिचारा चहा ठेवायला सांगतो.

माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले होते त्या दिवशी गल्लीतलं वडीलधारं माणूस म्हणून आम्ही अण्णांना बोलावलं. ही अर्थात आमच्या ‘ह्यां’ची अक्कल. कांदेपोहे आले, मुलगी आली, मुलाच्या वडिलांनी घसा खाकरून शिक्षणाचा विषय काढला, तेवढ्यात अण्णा उठले आणि म्हणाले, “पावणं, जरा डावीकडं सरका. तुमच्या डोक्यामागं मादी हाय, पोटात अंडी दिसाल्यात.” पाहुणे सरकले ते थेट दारापर्यंत. लग्न जमलं, पण त्यात अण्णांचा हात नाही हे मी इथे स्पष्ट करते.

शिवाजी पेठेत आमची दारं समोरासमोर आहेत. अण्णा जन्मभर उचगावच्या एका वर्कशॉपात लेथवर होते. रोज सायकलने जायचे, सायकलने यायचे. मालकाने निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ पुढे केला, तेव्हा अण्णा म्हणाले, शाल नको, माझा व्हर्निअर द्या. व्हर्निअर म्हणजे लोखंडी जबड्याची मोजपट्टी, केसाएवढा फरकही दाखवते. ती तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. बोलण्यातही तीच. कुणी जास्त बोललं की “मापात बोला.” लग्नाच्या जेवणात मीठ जास्त झालं की “मापात न्हाय.” एकदा मी जेवायला वाढलं तर भाकरीच्या कडेला व्हर्निअर लावून म्हणाले, “वैनी, हितं दोन मिलिमीटर जाड हाय.” मी ती भाकरी उचलून गाईला घातली आणि त्यांना भात वाढला. भाताचं माप घेता येत नाही.

मी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलांना कितपत आलं ते देव जाणे, पण त्या पापाची शिक्षा म्हणून अण्णांची सगळी इंग्रजी पत्रं मला लिहावी लागतात. पत्रं कुणाला? तर जगभरच्या पालवाल्यांना. असे लोक असतात हे मला निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं तेव्हा माझं बरं चाललं होतं. सकाळी दूध तापवत असले तरी दारातून आवाज येतो, “वैनी, मांडीवरची छिद्रं म्हंजे विंग्रजीत काय?” नर पालीच्या मांडीवर बारीक छिद्रांची रांग असते, ती मोजून जात ओळखतात, हे मला आता माहीत आहे. दूधवाल्याला माहीत नव्हतं. त्याने दोन दिवस आमच्या घराकडे बघितलं नाही.

या वेडाच्या मुळाशी अण्णांचा एक सिद्धांत आहे, आणि तो ऐकल्याशिवाय कोपऱ्यावरच्या हॉटेलात कुणाला चहा पिता येत नाही. सिद्धांत असा, की आपण कोल्हापूरकर बेटांच्या मधोमध राहतो.

“अण्णा, रंकाळ्यात बेट हाय व्हय?” असं कुणीतरी विचारतंच.

“गप की. ऐक. लई वर्सामागं जमीन फाटली आन् आतनं तापला रस आला. काहिलीतनं गुळाचा रस उतू जातोय बघ, तसा. एका थरावर दुसरा थर. गार झाला, काळा दगड झाला. मग पावसानं झिजला. उरलं ते हे डोंगराचं माथं. एकेक माथा म्हंजे एकेक बेट.”

“आन् समुद्र कुठं हाय?”

“खाली ऊस दिसत न्हाय काय तुला? बोटभर पाल एवढा ऊस पवून पलीकडं जाणार हाय व्हय? मग ह्या माथ्यावरची हितंच, त्या माथ्यावरची तितंच. लाखो वर्सं. येगळी झाल्याशिवाय ऱ्हाईल?”

लोक हसायचे. मीही हसले आहे. दर रविवारी भाकरी बांधून, पायात जुने वर्कशॉपचे बूट घालून हा सत्तरीचा माणूस कुठल्यातरी माथ्यावर जाऊन दगडाच्या फटीत डोकं घालून पडायचा. पण मग विद्यापीठातल्या रेणुका मॅडम आल्या. पालींवरच त्यांचं संशोधन आहे. त्यांनी अण्णांच्या वह्या बघितल्या, एकेका पालीची पन्नास-पन्नास मापं, शून्य पॉइंट शून्य दोन मिलिमीटरपर्यंत, आणि पहिल्या पानापासून पुन्हा चाळल्या. मग म्हणाल्या, “काका, हे बरोबर आहे.” आमच्या गल्लीला हे पचायला फार जड गेलं. वेड्याला वेडा म्हणायची सोय गेली.

बिद्रीच्या पुढे एक सपाट माथ्याचा डोंगर आहे. त्याचं नाव लिहायचं नाही अशी अण्णांनी मला शपथ घातली आहे, कारण पाली चोरणारेही असतात म्हणे. असतील. तिथल्या काळ्या दगडांत अण्णांना एक बोटभर पाल सापडली, मानेवर पिवळा ठिपका असलेली. तिची तुटून पडलेली शेपटी मॅडमनी तपासून घेतली आणि एके दिवशी धावत अण्णांच्या दारात आल्या. पाल नवी होती. जगात कुणी तिची नोंद केलेली नव्हती.

आता फक्त एकच काम उरलं होतं, आणि सगळं घोडं तिथेच अडलं. शास्त्राचा नियम असा, की नव्या जीवाला नाव द्यायचं तर त्याचा एक देह नमुना म्हणून संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. उद्या कुणाला शंका आली तर त्याने तो काढून बघावा. अण्णांना हे चटकन कळलं. “म्हंजे मास्टर,” ते म्हणाले. “आमच्यात बी एक मास्टर कपाटात असतोय, बाकीचा माल त्याच्याशी ताडायचा.” मॅडमनी वनखात्याची परवानगी काढली. एकाच पालीची, आणि पावसाळा लागेपर्यंतचीच. त्याप्रमाणे एक नर धरला. तो अण्णांनी भोकं पाडलेल्या लोणच्याच्या बरणीतून घरी आणला आणि म्हणाले, जिवंतपणी मापं घेतो, उद्या तुमच्या ताब्यात देतो.

तो उद्या काही उगवेना.

मॅडमचा फोन आला की अण्णा माझ्या हातात द्यायचे. “सांगा, मापं चाल्यात.” आठवडा झाला तरी मापं चालूच. शेवटी मी बरणीपुढे उभी राहून विचारलं, “अण्णा, काय ते खरं सांगा.” तर म्हणाले, “वैनी, आमच्यात मुंगी मारत न्हाईत. मास्टर पायजे ते कळतंय मला. पर ह्यो बघतोय की माझ्याकडं.”

तो बघत होता हे खरं आहे. पालीला पापण्या नसतात, ती दुसरं करणार काय?

बरं, बरणीत ठेवायचा तर पहिल्या दिवसापासूनच खायला घालायला हवं होतं. पाल खाते किडे. अण्णा लिंगायत, घराण्यात कुणी अंड्याला शिवलेलं नाही, ते किडे धरणार कसे? ते सरळ माझ्या दारात आले. “वैनी, तेवढं तुम्ही बघा. तुमच्यात चालतंय की.” आमच्यात रविवारी मटण चालतं. त्याचा अर्थ मी सकाळ-संध्याकाळ गाळणी घेऊन माश्या धरत हिंडावं असा होतो, हे मला माझ्या माहेरीही कुणी सांगितलं नव्हतं. पण मी हिंडले. अकरा दिवस हिंडले. मला साठावं वर्ष लागलं आहे, माझा एक गुडघा दुखतो, आणि मी कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या बेसिनपाशी माश्या धरताना माझ्या तीन माजी विद्यार्थ्यांनी मला बघितलं आहे.

बाराव्या दिवशी पाल मेली. आपल्या आपण, कुणी न मारता.

मी दुसऱ्या गल्लीत बहिणीकडे गेले होते. परतल्यावर कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. माझ्या माश्या सुटल्या, अण्णांच्या हातून हत्या टळली आणि मॅडमना देह मिळाला. मी लगेच मॅडमना फोन केला. त्या अर्ध्या तासात स्पिरिटची बाटली घेऊन हजर झाल्या.

अण्णा दारात बसले होते. कपाळावर विभूती, अंगावर धुतलेला सदरा.

“काका, कुठे आहे?”

“माती दिली,” अण्णा म्हणाले.

मॅडमना कळलं नाही. मला कळलं, आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून पूर्ण उतरलेली नाही. या माणसाने बारा वर्षं जी पाल शोधली, जिच्यासाठी मॅडमनी परवानगी काढली, जिच्यापायी मी माश्या धरल्या, ती अंगणातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत पुरून टाकली होती. नुसती पुरली नव्हती. त्यांच्यात माणूस जसा बसवून ठेवतात तसा त्या बोटभर पालीला बसवून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, वर बेलाचं पान ठेवून रीतसर समाधी दिली होती.

“काका, दुसरी धरायची परवानगी नाही,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. “पाऊस आठ दिवसांवर आलाय. पुन्हा अर्ज करायचा तर वर्ष जाईल की दोन, मला सांगता येत नाही. देह नसेल तर नाव नाही. तो कुजला असेल आता.”

“कुजंल कसा?” अण्णा जरा दुखावूनच म्हणाले. “खाली-वर मीठ घातलंय. सगळीकडनं विभूती घातलीया. आमच्यात घालत्यात तशी.”

मॅडमनी डोळे पुसले. “मीठ? किती मीठ?”

“एक पुडा.”

“सगळा?”

“मापात घातलंय,” अण्णा म्हणाले.

बोटभर पालीला किलोभर मीठ. मॅडम कुंडीकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “मग तो सुकला असेल. कुजला नसेल. काका, सुकलेला चालतो. उकरा.”

अण्णा उठले. “समाधी उकरत्यात व्हय?” एवढंच म्हणाले आणि आत जाऊन कडी लावून घेतली.

दोन दिवस ती कडी निघाली नाही. मॅडमचे मला फोन, आमच्या ह्यांचे मला टोमणे, आणि ढग रोज जरा जास्त. अण्णांच्या नजरेआड कुंडी उकरावी असाही विचार माझ्या मनात आला होता, तो मी आला तसा परतवला. तिसऱ्या दिवशी मी भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन त्यांचं दार बडवलं आणि उघडल्याबरोबर आत शिरले.

त्यांच्या घरात मी आठ वर्षांनी एवढ्या आत गेले असेन. गौरवा गेली त्यानंतर प्रथमच. गौरवा म्हणजे अण्णांची बायको. कानडी मुलखातली, शांत, माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायची आणि बोलणं संपलं की हसायची. मूलबाळ नव्हतं. म्हणजे आम्ही तसंच समजत होतो.

मी भाकरी पुढे ठेवली आणि मनातलं सगळं बोलले. माश्यांपासून सुरू केलं. मॅडम किती राबल्या ते सांगितलं, वह्या फुकट जाणार ते सांगितलं. अण्णा भाकरीकडे बघत ऐकत होते. व्हर्निअर त्यांनी काढला नाही. शेवटी माझा तोल गेला. “तुम्हाला नाही का काही वाटत? एवढा त्याला जीव लावला, आणि नाव न ठेवताच मातीत घालून मोकळे झालात.”

अण्णांनी मान वर केली. त्यांचा चेहरा बघून मला माझं बोलणं परत घ्यावंसं वाटलं, पण का ते मला कळत नव्हतं.

“एकदा घातलंय वैनी,” ते म्हणाले. “पोरगी हुती.”

मी तिथेच खाली बसले.

“बाराव्या दिवशी बारसं हुतं. घुगऱ्याचं हरभरं सुदीक आणून ठेवलंतं. नवव्या दिवशी गेली. ताप आला आन् गेली. नाव गौरवानं ठरवलंतं. मी लई इचारलं, तर म्हणायची, तुम्हांस्नी कशाला आधी? आत्या कानात सांगंल तवा ऐका. मला भैन न्हाय, निपाणीची चुलतभैन यायची हुती. तिलाबी ठावं नव्हतं. बारशादिवशीच सांगणार हुती.”

“मग नंतर…”

“नंतर मी इचारलं न्हाय. तिनं सांगितलं न्हाय. दोघंबी तसंच ऱ्हायलो, चाळीस वर्सं. आता तीबी न्हाय.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. “माती दिली तवा भटजी न्हाय, जंगम आला हुता. त्यानं इचारलं, नाव काय? मी म्हटलं, न्हाय.”

या माणसाला मी वीस वर्षं ओळखते. वीस वर्षं मी त्याच्यावर चिडते आहे. डोंगरातल्या प्रत्येक फटीत बॅटरी मारून हा जे शोधत होता त्याला नाव नव्हतं, एवढं मला त्या स्वयंपाकघरात बसल्यावर कळलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

अण्णांनी जेवण पुरं केलं. हात धुतले. कोपऱ्यातलं खुरपं घेतलं आणि म्हणाले, “मॅडमला फोन लावा.”

मॅडम येईपर्यंत त्यांनी कुंडीला हात लावला नाही. आल्यावर कपाळाला विभूती लावली, कानडीत काहीतरी पुटपुटले, आणि चहाच्या चमच्याने मीठ बाजूला करायला लागले. खुरपं वापरलं नाही. फडकं निघालं. आत आमचा तो हिरो बसला होता, पाय जुळवून, मान सरळ, वाळवलेल्या सांडगी मिरचीसारखा कडक. एक खवला जागचा हलला नव्हता. मॅडमनी भिंग लावून मांडीवरची छिद्रं मोजली, अण्णांनी वहीतून आकडा वाचला, आणि दोघांचं एकच आलं.

सुकल्यामुळे अंगाचं माप आक्रसलं होतं, तेव्हा मॅडमनी या पालीवर लिहिलेल्या लेखात मापं अण्णांच्या वहीतली घातली. संग्रहालयात सगळ्या पाली बाटल्यांत आडव्या आहेत. एक तेवढी बसलेली आहे.

मग नावाचा घोळ सुरू झाला. तालमीला तालमीचं नाव हवं होतं. फुटबॉलवाल्यांना त्यांच्या टीमचं हवं होतं, कारण ठिपका पिवळा आहे आणि त्यांची जर्सीही पिवळी आहे. एका नगरसेवकाने पेढे घेऊन माणूस पाठवला. अण्णांनी पेढे ठेवून घेतले आणि माणूस परत पाठवला. मॅडमनी विचारलं तेव्हा म्हणाले, “गौरवाचं घाला.”

मी म्हटलं, “अण्णा, मुलीच्या आठवणीने काहीतरी…”

“तिचं नाव गौरवापाशी हाय की. गौरवाचं घातलं म्हंजे ते आतच आलं.”

लेख छापून यायला पुढचा उन्हाळा उजाडला. इंग्रजी मी तपासलं, त्यातलं बरंचसं मला अजूनही कळलेलं नाही. ज्या दिवशी तो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात उभे. हातात स्टीलचा डबा. “वैनी, गाडी काढा.”

डॉक्टरांनी त्यांना डोंगर बंद केला आहे. मला डॉक्टरांनी त्यांच्यासारखी माणसं बंद करायला हवी होती. पण काढली गाडी. माझ्या स्कूटीवर मागे अण्णा, त्यांच्या मांडीवर डबा, आणि बिद्रीपर्यंत माझ्या कानात गिअर, खड्डे आणि उसाचा समुद्र यांवर प्रवचन. माझ्या स्कूटीला गिअरच नाहीत. वर शेवटचा पाव तास चालायचं होतं, त्याला आम्हाला तास लागला. दोघांचे मिळून चार गुडघे, त्यांतला एकच धड.

काळा, भेगाळलेला, तापलेला दगड. खाली चहूकडे हिरवागार ऊस आणि लांब कारखान्याचं धुराडं. तिथे उभं राहिल्यावर ते बेटच वाटतं, हे मी अण्णांना कधीही सांगणार नाही.

अण्णा एका फटीपाशी थांबले. डबा उघडला. आत घुगऱ्या होत्या, त्यांनी स्वतः शिजवलेल्या. हरभरे थोडे कच्चे होते. त्यांनी त्या दगडावर ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “वैनी, मला भैन न्हाय.”

“माहीत आहे मला.”

“तेवढं आत्या व्हा की.”

मी त्यांना म्हणणार होते, की मला साठ पुरी होताहेत, दगड तापला आहे, ही साडी चांगली आहे, आणि पालीच्या कानात बोलायला मी काही वेडी झालेली नाही. त्याऐवजी मी पदर खोचला, आधी गुडघ्यांवर आणि मग चक्क पालथी पडले, त्या फटीला तोंड लावलं, बारशात करतात तसं ‘कुर्र’ केलं आणि नाव सांगितलं. आत काहीतरी सरकलं. मी पुन्हा एकदा सांगितलं, जरा मोठ्याने, म्हणजे आत असेल त्या सगळ्यांना ऐकू जावं.

नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत बुक्की घालायची रीत आहे. मागे बराच वेळ काहीच झालं नाही. मग अण्णांनी घातली. ती मापात नव्हती, चांगली जोरात बसली. मी तशीच पडून राहिले, त्यांचं नाक शिंकरून होईपर्यंत.